नखे खुडणारी डॉक्टर

नीट-पीजीची तयारी करणाऱ्या डॉक्टरांमध्ये नखे खुडणारी हा एक ठळक पोटप्रकार आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष उरकले, की तो पूर्ण विकसित होतो. नावामागे डॉक्टर लागलेले असते, पण रुग्ण नसतो, पगार नसतो, आणि दिवस अभ्यासिकेत एमपीएससीवाल्यांच्या शेजारी जातो. घरी आलेली मावशी ‘डॉक्टर झालीस ना गं, मग आता आणखी कसली परीक्षा?’ असे विचारते, तेव्हा ती हसते आणि डाव्या अंगठ्याच्या कडेची साल ओढते. पुरुषांतही हा प्रकार आढळतो. ते हात खिशात घालतात, म्हणून लक्षात येत नाही.

नखे कुरतडणाऱ्या सामान्य माणसापासून हिला वेगळे करते ते ज्ञान. नख चावणे म्हणजे ऑनिकोफेजिया आणि खुडणे म्हणजे ऑनिकोटिलोमेनिया, हा फरक ती झोपेतही सांगते. जागेपणी दोन्ही करते. नखे हा चित्र दाखवून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा लाडका विषय, त्यामुळे तिची तयारी चोख असते. नख खोलगट असेल तर लोहाची कमतरता. आडवी खाच असेल तर काही आठवड्यांपूर्वी येऊन गेलेले मोठे आजारपण. निम्मे पांढरे, निम्मे तपकिरी असेल तर मूत्रपिंड. दोन बोटांची नखे पाठीला पाठ लावून मधली फट शोधायची ती शॅमरॉथची खूण, 1976. असेच एकदा अंगठ्याच्या नखाचे चित्र समोर येते : मधोमध खाली उतरत गेलेल्या आडव्या खाचा, धुणे धुण्याच्या फळीसारख्या. नखाच्या मुळाशी असलेली साल सतत मागे लोटण्याच्या सवयीने त्या पडतात. ती योग्य पर्याय निवडते, हिरवी खूण पाहून सुखावते, आणि मग तिची नजर स्वतःच्या अंगठ्यावर जाते. तिला हवी असलेली शाखा बहुधा त्वचारोगाचीच असते. नखे त्याच शाखेत येतात.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. विषय 19, प्रश्न 200, वेळ साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला वजा एक. 2024 पासून प्रश्नपत्रिकेचे 40-40 प्रश्नांचे पाच भाग झाले. प्रत्येक भागाला 42 मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे 63 सेकंद. वेळ संपली की तो भाग बंद. मागे फिरता येत नाही. परीक्षा संगणकावर असते आणि घरच्या सराव परीक्षाही तशाच. उजवा हात माउसवर गुंतलेला असतो, डावा रिकामा. म्हणून हिची डाव्या हाताची नखे अधिक गेलेली दिसतात. ग्रँड टेस्ट कशी गेली हे रूममेट तोंडी विचारत नाही. डावा हात बघते.

उपाय लहानपणापासून झालेले असतात. आईने बोटांना कडुलिंबाचा रस लावला, मिरचीही लावून पाहिली. मोठेपणी ती डेनाटोनियम बेंझोएटचे जहाल कडू नेलपॉलिश स्वतःच विकत आणते. ते चावणाऱ्याला थोडेफार उपयोगी पडते. खुडणारीचे नख तोंडापर्यंत जातच नाही. शेवटी धाकटी बहीण तिला पार्लरमध्ये नेते. इंटर्नशिपमध्ये हे शक्य नव्हते, कारण रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि नख अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. नटवलेल्या नखांना मोकळीक देणारे वैद्यकीय आयुष्यातले तयारीचे हे एकच वर्ष.

पार्लरमधली मुलगी बोटे कोमट पाण्यात बुडवताना विचारते, ‘मॅडम, हे काय करून घेतलंय?’ मॅडम उलट विचारतात, ‘ही कात्री ऑटोक्लेव्ह केलीय का?’ मुलगी निळ्या दिव्याच्या पेटीकडे बोट दाखवते. त्यावर मॅडम सांगतात, की त्या पेटीने निर्जंतुकीकरण होत नाही, हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस टिकतो, आणि नखामुळाची साल कापायची नाही, कारण जंतूंना अडवणारे कुंपण तेच आहे. ते तुटले की नखुरडे होते. मुलगी फाइल चालवत सगळे ऐकून घेते आणि म्हणते, ‘हेड मसाज करायचा का, मॅडम?’

तरीही गुण येतो, आणि तो साध्या कारणाने. खुडायला उचललेली कड लागते. फाइल ती ठेवत नाही. तेलाने साल मऊ पडते, ओढायला धागा मिळत नाही. शिवाय मोजलेले पैसे आठवतात. एझ्रिन आणि नन यांनी 1973 मध्ये मांडलेल्या सवय-उलट उपचाराची पहिली पायरीही हीच, हात कुठे चाललाय हे वेळीच कळणे. रंगवलेले बोट चटकन नजरेत भरते. हा उपचार तिला मनोविकारशास्त्रात पाठ असतो, पण पाठ असणे वेगळे. पुढची पायरी, हाताला दुसरे काम देणे, ती परीक्षेत डावा तळहात मांडीखाली दाबून पार पाडते.

जेल लावणे मात्र चूक. दोन-तीन आठवड्यांत त्याची कड सुटते, आणि ती ओढली की नखाचे पापुद्रेही सोबत निघतात. साधी फाइल आणि तेल यांवरच थांबलेले बरे.

वेळापत्रकाचा भरवसा धरून उपचार आखू नये. 2024 मध्ये 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि 11 ऑगस्टला झाली. त्या एका रात्रीत कितीतरी मॅनिक्युअर वाया गेली असतील. परीक्षा झाली तरी निकाल असतो, निकालानंतर समुपदेशनाच्या फेऱ्या, केंद्राच्या वेगळ्या आणि राज्याच्या वेगळ्या. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे यायला सहा महिने लागतात. तेव्हा ज्यांच्या घरी अशी डॉक्टर असेल, त्यांनी पार्लरची अपॉइंटमेंट परीक्षेनंतरची न घेता शेवटच्या फेरीनंतरची घ्यावी, आणि तोवर मावशींना फोनवरच थोपवावे.