प्रेक्षकांचं टायमिंग

२३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री महाराष्ट्रानं विक्रम गोखले यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. अडचण एकच होती. गोखले हयात होते.

पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात त्यांच्यावर उपचार चालू होते आणि प्रकृती गंभीर होती, हे खरं. पण गंभीर आणि दिवंगत यांतला फरक डॉक्टरांनी सांगायचा असतो, एवढं भान त्या रात्री फार थोड्यांना राहिलं. पडद्यावर पट्ट्या सरकल्या, हिंदीतल्या ताऱ्यांनी हात जोडले, सोसायट्यांच्या ग्रुपवर मेणबत्त्या पेटल्या. अखेर घरच्यांनाच सांगावं लागलं, की अहो, ते आहेत! २६ नोव्हेंबरला ते खरोखरच गेले आणि अनेकांची पंचाईत झाली. पुन्हा हळहळायचं, की आधीची हळहळ ग्राह्य धरायची?

संवादातला पॉज काय करू शकतो, हे ज्यांनी मराठी प्रेक्षकाला उभा जन्म दाखवलं, त्यांच्यासाठी या प्रेक्षकाला तीन दिवसांचा पॉज घेता आला नाही.

बरं, घाईत वाहिलेल्या त्या श्रद्धांजलीत होतं काय? पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या मायलेकी १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. बायकांनी सिनेमात काम करणं म्हणजे अब्रूला मुकणं, असा तो काळ. वडील चंद्रकांत गोखले रंगभूमीचे आणि पडद्याचे मातब्बर नट. स्वतः विक्रम गोखले ‘बॅरिस्टर’सारखं नाटक पेलणारे, ‘अनुमती’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे. चार पिढ्यांच्या या ऐवजातून देशभरच्या बातम्यांनी ठळक काय उचललं, तर ‘हम दिल दे चुके सनम’. म्हणजे ऐश्वर्या रायचे पडद्यावरचे वडील गेले. आम्ही मराठी माणसांनीही तीच बातमी पुढे ढकलली, कारण तिच्यात ऐश्वर्या होती.

नटाचा धंदा वेळेचा असतो. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. घरात काय चाललंय हे पडद्याला ठाऊक नसतं. १९११ मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत व्हायचा होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग ठरल्यावेळी झाला. नटांचं टायमिंग हे असं. आता प्रेक्षकांचं बघू.

याच बालगंधर्वांनी ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात एका नाट्यगृहाची कोनशिला स्वहस्ते बसवली. ज्याचं नाव द्यायचं, त्याच्याच हातून पाया! कल्पना झकास होती. पण पुढे काम सुरू झालं, आणि पुण्यात काम सुरू होणं व काम होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. १५ जुलै १९६७ ला बालगंधर्व पुण्यातच वारले. रंगमंदिराचं उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला. तारीख मात्र अचूक साधली होती, कारण तो त्यांचा ऐंशीवा वाढदिवस होता. फक्त उत्सवमूर्ती अकरा महिन्यांपूर्वीच निघून गेली होती. गंधर्व नाटक मंडळीचं कर्ज डोक्यावर घेऊन आणि पुढे अधू पाय घेऊन जगलेल्या या माणसाला आपल्या नावाच्या थिएटरात पहिल्या रांगेतली एक खुर्चीही मिळाली नाही. आता त्याच वास्तूच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. नाव बदलणार नाही, अशी ग्वाही दिली जाते. नावाला पुण्यात कधीच धोका नसतो. इथल्या स्वच्छतागृहांबद्दल नट मंडळी जाहीर तक्रारी करत आली आहेत. त्यांना कुणाचं नाव दिलेलं नाही, म्हणून बहुधा तिकडे लक्ष जात नसावं.

उशिराचं दुसरं उदाहरण जिल्ह्यातलंच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. गरोदर असताना फडावर उभी राहिलेली, मध्येच आत जाऊन बाळंत झालेली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आलेली बाई, ही त्यांची गोष्ट आपण अजून थरारून सांगतो. थरारण्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला, हारतुरे झाले, आणि जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचं बिल देणगीदारांच्या मदतीतून भागवावं लागलं. चार वर्षांनी, २००६ पासून, राज्य सरकारनं तमाशातल्या ज्येष्ठांसाठी त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे, गरजू हातांत पडतो. पण क्रम पाहा: आधी बाई गेली, मग बिल फिटलं, मग नावाचा पुरस्कार निघाला.

निळू फुल्यांची गोष्ट निराळी. ते पुण्याचेच. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेले, सेवादलात घडलेले, खाजगीत अत्यंत सौम्य. ‘सखाराम बाइंडर’ अंगाखांद्यावर वागवणारा हा नट पडद्यावर मात्र सरपंच, पाटील आणि चेअरमन म्हणून इतका पटला, की गावोगावच्या बायका त्यांना समोरासमोर शिव्या मोजत. १३ जुलै २००९ ला ते गेले आणि दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्राला शोध लागला, की अरे, हा माणूस तर सज्जन होता, समाजवादी होता, वाचणारा होता! हयात असताना एवढं विचारलं असतं, तर त्यांनीच सांगितलं असतं. आज पिंपळे गुरवच्या रंगमंदिरावर त्यांच्या नावामागे ‘नटसम्राट’ ही पदवी लागलेली दिसते. सेवादलाच्या कार्यकर्त्याला मरणोत्तर राज्याभिषेक! शिवाय गल्लीतला प्रत्येक नकलाकार त्यांचा घोगरा आवाज काढून वाड्यावर बोलावणं धाडतो. एका मोठ्या नटाची शिल्लक म्हणजे दीड वाक्य.

डॉ. श्रीराम लागूंचं तर आम्ही तत्त्वज्ञानच उलटं टांगलं. कान-नाक-घशाचा चांगला चालणारा दवाखाना बेचाळिसाव्या वर्षी सोडून या माणसानं रंगभूमी धरली आणि २३ डिसेंबर १९७० ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला. देवाला आता निवृत्त करा, असं जाहीरपणे मांडलं, त्यासाठी टीका झेलली, शब्द मागे घेतला नाही. १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात ते गेले. त्यानंतरच्या शोकसंदेशांत ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो, असं म्हणणाऱ्यांची कमतरता नव्हती. निवृत्त केलेल्या अधिकाऱ्याला आम्ही त्याच टेबलावर परत बोलावलं, तेही ज्यानं निवृत्त केलं त्याच्याच फाइलसाठी.

आणि तो ‘नटसम्राट’! शिरवाडकरांच्या अप्पा बेलवलकरांसाठी महाराष्ट्र पन्नासहून अधिक वर्षं रडतोय. म्हातारा नट, पोरांनी झिडकारलेला, छपरासाठी वणवण फिरणारा. बाल्कनीपर्यंत हुंदके पोचायचे. याच काळात शांता हुबळीकर हयात होत्या. ‘प्रभात’च्या १९३९ च्या ‘माणूस’मधली मैना, जिचं गाणं अख्ख्या मुलखानं गुणगुणलं. या मैनेला उतारवयात आश्रमात दिवस काढावे लागले. त्यांनी आत्मचरित्राला त्याच गाण्याचं नाव दिलं, ‘कशाला उद्याची बात’. १९९२ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. कल्पनेतल्या बेघर नटासाठी आमचे रुमाल ओले होत असताना खऱ्या नटीची चौकशी करायला आम्हाला सवड झाली नाही. बेलवलकरांचं तिकीट काढलेलं असतं, म्हणून त्यांचं दुःख वसूल करावं लागतं.

तीच तऱ्हा ललिता पवारांची. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेनं चेहरा लुळा पडला, डोळा कायमचा बारीक झाला आणि नायिकेची कारकीर्द संपली. बाईंनी त्याच डोळ्याच्या जोरावर खाष्ट सासूंचं साम्राज्य उभं केलं आणि दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मंथराही केली. फेब्रुवारी १९९८ मध्ये औंधच्या बंगल्यात त्या एकट्या असताना गेल्या. पती मुंबईला रुग्णालयात होते. दार उघडून पाहीपर्यंत दोन-तीन दिवस उलटले होते.

त्यानंतर पंचवीस वर्षं गेली. हाताहातांत मोबाइल आले, गटागटांतून सुप्रभात आले. जुलै २०२३ मध्ये तळेगाव दाभाड्याजवळच्या भाड्याच्या सदनिकेत रवींद्र महाजनी मृतावस्थेत सापडले. ‘झुंज’, ‘देवता’, ‘मुंबईचा फौजदार’ यांचा देखणा नायक. शेजाऱ्यांना दुर्गंधी आली, पोलिसांनी दार तोडलं. तेव्हाही दोन-तीन दिवस होऊन गेले असावेत, असाच अंदाज निघाला. पाव शतकात संपर्काची एवढी साधनं वाढली, पण एकट्या नटाचा पत्ता लागायला तेवढाच वेळ लागला. मग समाजानं आपलं कर्तव्य बजावलं: मोबाइल उघडला आणि त्यांच्या मुलाला जाब विचारला. एका घरात नेमकं काय घडलं, हे घराबाहेरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते सदनिकेत एकटे राहत होते, तेवढं मात्र ठाऊक नव्हतं.

म्हणजे एकाच्या मरणाची बातमी तीन दिवस आधी, दुसऱ्याच्या मरणाची दोन-तीन दिवस उशिरा. मधल्या वेळात आम्ही असतो कुठे? तर शोकसभेत, भाषणाच्या तयारीत. तिथलं भाषण ‘त्यांची माझी पहिली भेट’ इथून सुरू होतं आणि ‘ते मला नेहमी म्हणायचे’ इथे विसावतं. जे म्हणायचे ते हमखास वक्त्याचं कौतुक असतं. साक्षीदार हजर नसल्यामुळे उलटतपासणी होत नाही. शेवटी सगळे एकमुखानं ‘अजरामर’ म्हणतात आणि चहाला उठतात.

अजरामर होण्याची खरी सोय पुण्यातच आहे, हे त्या चहात कुणी काढत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथे १९६४ मध्ये सुरू झालं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, म्हणजे अर्धशतकाचा उशीर इथेही आहेच. पी. के. नायर जुन्या रिळांच्या मागे गावोगाव फिरू लागले, तोवर कित्येक रिळं त्यांतली चांदी काढण्यासाठी विकली गेली होती. मूकपटांच्या जमान्यातलं बहुतेक काम असंच गेलं. जे हाती लागलं, त्यातली नायट्रेटची हजारो रिळं, ‘प्रभात’ची धरून, ८ जानेवारी २००३ च्या आगीत जळाली. काहींच्या प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. अजरामरपण असं तापमान, ओलावा आणि प्रती यांवर अवलंबून असतं. विशेषणांना आग लागत नाही, म्हणून आम्ही विशेषणं साठवतो.

आग लागली ते आवार जुन्या प्रभात स्टुडिओचं. त्याच स्टुडिओच्या दारात १९३९ मध्ये शांता आपटे कंपनीशी करारावरून बिनसलं म्हणून उपोषणाला बसल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. नटीला आवाज असतो आणि तो गाण्यापुरता नसतो, हे तिनं जिवंतपणी सांगून ठेवलं. आज त्या आवारात सिनेमा शिकवला जातो. २०१५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवसांचा संप केला, तेव्हा अनेकांना नवल वाटलं. संस्था १९६० ची, पण त्या दारातलं आंदोलन तिच्याहून एकवीस वर्षांनी थोरलं आहे.

शेवटी पुन्हा गोखल्यांचंच काढतो, कारण या सगळ्यात टायमिंग साधलेला तो एकच माणूस दिसतो. मृत्यूच्या साधारण दोन वर्षं आधी त्यांनी पुण्याजवळची आपली एक एकर जमीन वृद्ध, निराधार कलावंतांच्या निवाऱ्यासाठी देत असल्याचं जाहीर केलं होतं. ही बातमी पुढे किती जणांनी ढकलली? त्या एकरावर पुढे काय झालं, हे किती जणांनी विचारलं? शोकसभेत वक्ते संपतात आणि वेळ उरतो. तिथे एखाद्यानं उठून एवढाच प्रश्न केला, तरी ती सभा सत्कारणी लागेल.

तोवर वाचकांना दोन कामं. माळ्यावर कुणाचे नाटकाचे फोटो, हस्तपत्रकं, ध्वनिफिती पडल्या असतील, तर रद्दीवाल्याच्या आधी एखाद्या संग्रहालयाला विचारा. आणि ओळखीत एखादा म्हातारा नट किंवा नटी असेल, तर या आठवड्यात फोन करा. उचलला, तर त्यांचं बोलणं ऐका, स्वतःचं सांगू नका. उचलला नाही, तर घरी जाऊन बेल वाजवा.