आधी पेशीला विचारा

‘एआयने शोधलं नवं औषध’ हा मथळा आता सवयीचा झाला आहे. बातमी शेवटपर्यंत वाचली की कळतं, पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका रिसेप्टरची रचना संगणकाने तपासली आणि त्यावर नेमका बसेल असा रेणू सुचवला. काम अवघड आहे, कौतुक करायलाच हवं. पण त्याला औषध म्हणू नका. रेणू रिसेप्टरवर बसला की औषधाची परीक्षा सुरू होते. ही परीक्षा उरकून टाकायची घाई झालेल्या प्रत्येकाने तीन प्रश्न तोंडपाठ करावेत. हा रिसेप्टर कोणकोणत्या पेशींवर आहे? किती आहे? आणि तो चेतवला किंवा अडवला, तर आत काय घडतं?

हे प्रश्न अर्धवट सोडले की काय होतं, ते १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये दिसलं. एका चाचणीसाठी आठ धडधाकट तरुण आले होते. मोबदला सुमारे दोन हजार पौंड. दोघांना निष्क्रिय द्रावण मिळालं, सहा जणांना टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी. ती बनवली होती जर्मनीतल्या व्युर्झबर्गच्या टेजेनेरो या छोट्या कंपनीने.

अँटिबॉडीचं लक्ष्य होतं सीडी२८, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींवरचा एक रिसेप्टर. टी-पेशी एका इशाऱ्यावर कामाला लागत नाही. परकं काही दिसल्याचा पहिला इशारा आणि सीडी२८कडून येणारा दुजोरा, असे दोन लागतात. शरीर स्वतःवरच उलटू नये म्हणून निसर्गाने घातलेली ही अट आहे. टीजीएन१४१२ पहिल्या इशाऱ्याशिवायच पेशीला चेतवत असे. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये तिने दाह शमवणाऱ्या टी-पेशी वाढवल्या होत्या. त्यावरून संधिवातावर आणि रक्ताच्या एका कर्करोगावर तिचा उपयोग होईल अशी आशा होती.

माकडांवर चाचणी झाली होती. माणसांना दिला त्याच्या पाचशेपट डोस माकडांनी सहज पचवला. शिवाय माणसाच्या आणि त्या माकडांच्या सीडी२८चा पेशीबाहेरचा भाग तंतोतंत सारखा, एकाही अमिनो आम्लाचा फरक नाही. कागदावर सगळं जुळलं होतं.

सहा जणांना साधारण दहा-दहा मिनिटांच्या अंतराने औषध दिलं गेलं. पहिल्याचं डोकं दुखायला लागेपर्यंत सहाव्याच्या शिरेतही औषध गेलेलं होतं. दीड तासाच्या आत पाठदुखी, मळमळ, ताप आणि कोसळणारा रक्तदाब. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात, एकेक अवयव साथ सोडू लागलेला. टी-पेशींनी रक्तात सायटोकाइन्सचा, म्हणजे दाह पेटवणाऱ्या प्रथिनांचा, लोंढा सोडला होता. डॉक्टरांनी सगळ्यांना वाचवलं, पण एकाला पायाची बोटं आणि हाताच्या काही बोटांची टोकं गमवावी लागली.

मग माकडांना काहीच कसं झालं नाही? उत्तर सापडायला काही वर्षं गेली. माणसाच्या ज्या ‘स्मृती’ टी-पेशींनी हा लोंढा सोडला, त्याच प्रकारच्या माकडांच्या पेशींवर सीडी२८ नसतोच. दोन घरांच्या दाराला एकाच कंपनीची बेल असली म्हणून आत राहणारी माणसं सारखी ठरत नाहीत. रिसेप्टरची रचना शंभर टक्के जुळली आणि निष्कर्ष शंभर टक्के चुकला.

आणखी एक गोष्ट नंतर उघड झाली, आणि ती जास्त बोचणारी आहे. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर नळीत विरघळलेली टीजीएन१४१२ टाकली, तर काहीच होत नव्हतं. तीच अँटिबॉडी प्लेटच्या तळाला सुकवून चिकटवली आणि मग वर पेशी सोडल्या, तर सायटोकाइन्स भसाभस बाहेर पडत होते. शरीरात अँटिबॉडी पेशींच्या पृष्ठभागांना चिकटते, त्यामुळे दुसरी मांडणी वास्तवाच्या जवळची. ही चाचणी प्रयोगशाळेतल्या एका टेबलावर मावते. ती माणसांच्या आधी व्हायला हवी होती.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गॉर्डन डफ समितीने त्याच वर्षी सांगितलं, की पहिल्यांदा माणसाला औषध देताना एकावेळी एकालाच द्या, थांबा, बघा, मग दुसऱ्याला द्या. आणि पहिला डोस ठरवताना प्राण्याने किती पचवला एवढंच पाहू नका. माणसाच्या पेशीवर किमान परिणाम कितीने होतो, त्यावरून ठरवा. पुढे रशियात हीच अँटिबॉडी हजारपट कमी डोसपासून सुरू करून पुन्हा माणसांना दिली, तेव्हा ती सोसवली. रेणू तोच होता. बदलला होता तो विचारलेला प्रश्न.

‘किती आहे’ या प्रश्नाची किंमतही एका रुग्णाने मोजली आहे. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब हे हर-२ रिसेप्टरला धरतं आणि १९९८पासून त्याने असंख्य बायकांचं आयुष्य वाढवलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने याच अँटिबॉडीचा पकड घेणारा भाग टी-पेशींवर बसवला आणि त्या कार-टी पेशी आतड्याचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णाला दिल्या. पंधरा मिनिटांत श्वास अडकला, पाच दिवसांनी मृत्यू. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही हर-२ असतो, अगदी थोडा. अँटिबॉडीने त्या थोड्याकडे दुर्लक्ष केलं होतं; टी-पेशीला तेवढा थोडासुद्धा पुरला. हा अहवाल २०१०मध्ये छापून आला, लपवला गेला नाही, म्हणून पुढचे रुग्ण वाचले.

आणि प्रश्न नीट विचारले तर काय हाती लागतं, तेही पाहा. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६मध्ये आयएल-६ या सायटोकाइनचा आणि १९८८मध्ये त्याच्या रिसेप्टरचा जनुक शोधला. हा रिसेप्टर अडवणारं टॉसिलिझुमॅब संधिवाताच्या रुग्णांना मिळायला जपानमध्ये २००८ उजाडलं. वीस वर्षं, एका रिसेप्टरमागे. २०१२मध्ये फिलाडेल्फियात रक्ताचा कर्करोग झालेली सहा वर्षांची मुलगी कार-टी उपचारानंतर अशाच सायटोकाइन वादळात सापडली. तपासणीत आयएल-६ प्रचंड वाढलेला. हा उपचार घडवणारे शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता, म्हणून हे औषध त्यांच्या माहितीत होतं. ते दिलं आणि काही तासांत मुलगी सावरू लागली. एका रिसेप्टरला डिवचून उठलेलं वादळ दुसरा रिसेप्टर अडवून शमलं. या दोन्ही टोकांचं ज्ञान कुणीतरी आधी चिकाटीने गोळा केलेलं होतं.

हे टॉसिलिझुमॅब महाराष्ट्राला २०२१च्या एप्रिलमध्ये चांगलंच ठाऊक झालं. चाळीस हजारांच्या घरातलं इंजेक्शन मिळवायला लोकांनी दागिने मोडले. पण ते प्रत्येक कोरोना रुग्णासाठी नव्हतंच. ऑक्सिजन खाली गेलेला आणि दाह वाढलेला, अशा रुग्णांनाच त्याचा फायदा चाचण्यांमध्ये दिसला होता. रिसेप्टर सगळ्यांच्या अंगात असतो. तो अडवायची गरज सगळ्यांना नसते. हे वाक्य त्या महिन्यात चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हवं होतं.

आता आपल्या दाराशी आलेली गोष्ट. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत कोट्यवधींना पडणारा उपचार इथे लाखांमध्ये आला. याचा अभिमान आहेच. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते लक्ष्य निवडण्यातलं शहाणपण. कार-टीसाठी जगाने सीडी१९ निवडला, कारण तो जवळपास फक्त अँटिबॉडी बनवणाऱ्या वंशाच्या बी-पेशींवर असतो. निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्याविना माणूस जगू शकतो. कमी पडलेल्या अँटिबॉडी बाहेरून देता येतात. फुप्फुसाविना जगता येत नाही. आपल्या गटाने तर रिसेप्टर ओळखणारा उंदराचा अँटिबॉडी-तुकडा मानवी रूपात घडवला आणि उपचार सोसवेल यावर मेहनत घेतली. संशोधन असं करतात.

म्हणून भारताच्या औषध नियंत्रकांच्या ऑगस्ट २०२४च्या आदेशाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मान्य झालेल्या काही प्रकारच्या औषधांना, पेशी आणि जनुक उपचारांसकट, भारतात स्थानिक चाचणीतून सूट मिळू शकते. दुर्मिळ आजाराच्या मुलाचे आईबाप याकडे आशेने पाहतात आणि त्यांची आशा रास्त आहे. सूट द्या. पण तिच्याबरोबर चौथ्या टप्प्याच्या चाचणीची, म्हणजे औषध बाजारात आल्यावरच्या तपासणीची अट आहे. ही अट फायलीत झोपता कामा नये. भारतात किती रुग्णांना औषध दिलं, किती जणांना त्रास झाला, किती दगावले, हे आकडे दरवर्षी लोकांसमोर मांडा, मराठीतही मांडा. कंपनीने ते दिले नाहीत तर सूट काढून घ्या.

पैसे गुंतवणाऱ्यांना आणि मथळे लिहिणाऱ्यांनाही सांगणं आहे. पुढच्या वेळी कुणी रिसेप्टरवर बसणारा रेणू दाखवला, तर टाळी वाजवायच्या आधी ते तीन प्रश्न विचारा. उत्तर तयार असेल तर बातमी पहिल्या पानावर घ्या. नसेल तर थांबा, कारण पहिला डोस कुणाच्या तरी शिरेत जाणार आहे आणि उत्तर आधी मागण्याचा हक्क त्या माणसाचा आहे.