नाही म्हणण्याची नोकरी

अमेरिकेतल्या पुष्कळ हायस्कुलांत अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो. मुलांना पळवणे, दमवणे हे काम प्रशिक्षकाचे. त्यातून जे मुरगळते, फुटते आणि मोडते, ते पाहणे ट्रेनरचे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० साली या व्यवसायाला आरोग्यसेवेचा दर्जा दिला. नातेवाइकांनी तो अजून दिलेला नाही. ते भेटले की पोट कमी करण्याचा उपाय विचारतात.

या कामासाठी आता पदव्युत्तर पदवी लागते, त्यावर प्रमाणपत्राची परीक्षा आणि जवळपास सर्व राज्यांत परवाना. एवढे सारे पदरात पडल्यावर पहिल्या दिवशी हाती येते ते पाण्याचे पिंप.

शाळा सुटली की ट्रेनरची खरी शाळा भरते. दारात घोटे बांधून घेणाऱ्यांची रांग लागते. आधी पातळ फोम, त्यावर दीड इंची पांढरी पट्टी, टाचेखालून रकाबासारखे फेरे, शेवटी टाच जखडणारे वेढे. फोमची गुंडाळी मात्र घोट्यांपेक्षा मुलींचे केस बांधण्यात लवकर संपते. कुस्तीच्या हंगामात पैलवानांच्या अंगावर गजकर्ण शोधावे लागते, आणि ते लपवण्यात पैलवान डावपेचांपेक्षा तरबेज असतात.

ऑगस्टच्या उन्हात अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू होतो, तेव्हा मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचा टब भरून ठेवतात. उष्माघाताने कोसळलेल्या खेळाडूला आधी त्यात बुडवून थंड करायचे, मग रुग्णालयात न्यायचे, असा नियम आहे. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवला तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. टब हंगामभर वापराविना राहिला, तर त्याच्यावरच्या खर्चाचा विषय पुढच्या बैठकीत निघतो.

खरी कसोटी शुक्रवारी रात्री, सामन्यात लागते. डोक्याला मार बसलेल्या मुलाला पुन्हा खेळायचे असते, प्रशिक्षकाला तो हवा असतो आणि त्याच्या वडिलांनी गॅलरीतूनच निदान केलेले असते. मुलगा ‘मी एकदम ठीक आहे’ असे ठणकावून सांगतो. फक्त सांगताना तो प्रतिस्पर्धी संघाच्या बाकावर बसलेला असतो. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली, झॅकरी लिस्टेड या जायबंदी झालेल्या शाळकरी खेळाडूच्या नावाने कायदा केला: मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. पुढच्या पाच वर्षांत सर्व राज्यांत असे कायदे झाले. तरी अनुभवी ट्रेनर कायद्याचे कलम सांगत बसत नाही. तो मुलाचे हेल्मेट काढून स्वतःच्या काखेत धरतो. हेल्मेटशिवाय मैदानात उतरता येत नाही, त्यामुळे वाद तिथेच मिटतो.

पगार बेताचा, संध्याकाळ कधीच घरची नाही, शनिवारही बहुधा गेलेला. तरी कित्येक जण या नोकरीत वर्षानुवर्षे टिकतात. चौदाव्या वर्षी लंगडत आलेले पोर अठराव्या वर्षी धडधाकट पायांनी शाळेबाहेर पडते, आणि त्यात आपला हात किती, हे ट्रेनरला नेमके ठाऊक असते. सगळ्यांनी आपल्याला चांगले म्हणावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. तीन माणसांचा राग एका पोराच्या डोक्यापेक्षा स्वस्त वाटत असेल, तर याहून समाधानाची नोकरी मिळणे कठीण.