म्हैस शहराबाहेर, शहर म्हशीभोवती

शहरात जनावरे पाळण्याचे नियम एका साध्या तत्त्वावर उभे आहेत: दूध घरात यावे, म्हैस येऊ नये. अंडे फ्रिजमध्ये असावे, कोंबडी मात्र दुसऱ्याच्या तालुक्यात. मुंबईत हे तत्त्व जुनेच. १८८८ च्या महापालिका कायद्याने डुक्कर पाळायला परवाना लागतो आणि कोणतेही जनावर लोकांना उपद्रव होईल अशा रीतीने ठेवता येत नाही. उपद्रव कशाला म्हणायचे हे सांगायला शेजारी असतोच.

सर्वांत मोठे प्रकरण म्हशीचे. तबेल्यांतले शेण, माश्या आणि पाणी घातलेले दूध यांवर उतारा म्हणून १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ युनिटे, सोळा हजारांच्या घरात जनावरे. म्हैस वस्तीपासून लांब न्यायची, हा हेतू पूर्ण सफल झाला. फक्त वस्ती पाठोपाठ गेली. आज गोरेगाव, मरोळ, पवई इथल्या इमारतींनी वसाहत घेरली आहे, आणि म्हैस खुंट्यावरून न हलता पुन्हा शहराच्या पोटात आली आहे. मेट्रोच्या डब्यांनाही तिथेच गोठा मिळाला. ते शेण टाकत नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येते.

१९७६ च्या राज्य कायद्याने नागरी क्षेत्रात गुरे पाळणे आणि त्यांची ने-आण, दोन्हींवर नियंत्रण आणले. म्हशीकडे सरकणाऱ्या इमारतींबद्दल त्यात काही नाही. तो विषय बांधकाम खात्याचा.

कोंबडीबाबतची सावधगिरी मात्र अगदीच निराधार नाही. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मोठ्या पोल्ट्रीला वस्ती, पाणवठा, रस्ता यांपासूनची अंतरे आखून दिलेली आहेत. गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी डालग्याखाली झाकलेल्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा ही पोल्ट्री नव्हे. तिथे अंतर मोजायचे तर शेजारच्या बेडरूमची खिडकी सव्वा मीटरवर येते.

मग उरतो आवाज. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र सकाळी सहापर्यंत चालते. कोंबड्याची रात्र चारलाच संपते. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, हे मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सोसायटीची कमिटी तरीही झाकण्याचा ठराव करते. तक्रार पहाटे सव्वाचारला सुचते, कार्यालय उघडल्यावर नोंदवली जाते आणि पाहणी चारपाच दिवसांनी, दुपारी साडेबाराला होते. त्या वेळी कोंबडा डालग्याखाली, एक पाय पोटाशी घेऊन झोपलेला असतो. पंचनाम्यात नोंद होते: ‘आवाज आढळून आला नाही.’