समीक्षक असावा तर मॅनिंगसारखा

निर्मात्याला समीक्षकाकडून फार काही नको असते. त्याने सिनेमा पाहू नये, पाहिलाच तर बोलू नये आणि बोललाच तर पोस्टरवर मावेल एवढेच बोलावे. या कसोटीला पुरेपूर उतरलेला समीक्षक एकच होऊन गेला, डेव्हिड मॅनिंग. अर्थात ‘होऊन गेला’ म्हणणेही धाडसाचे, कारण तो झालाच नव्हता.

2000 साली सोनीच्या हॉलिवूडमधील जाहिरात विभागाने त्याला जन्माला घातले. कनेटिकट राज्यातल्या ‘रिजफिल्ड प्रेस’ या साप्ताहिकाचा समीक्षक म्हणून त्याचे नाव जाहिरातींत झळकू लागले. साप्ताहिक खरे होते. आपल्या पदरी असा कोणी माणूस आहे, याचा त्यालाच पत्ता नव्हता. मॅनिंगला मानधन नको, प्रेस शोचा समोसा नको, नायिकेची मुलाखत नको. ‘अ नाइट्स टेल’मधला हीथ लेजर त्याला त्या वर्षीचा सर्वांत झळाळता नवा तारा वाटला. (यात तो फारसा चुकला नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.) जनावरांचे अवयव बसवलेल्या माणसाचा ‘द ॲनिमल’ही त्याला आवडला. ‘हॉलो मॅन’ हा अदृश्य माणसाचा सिनेमा तर आवडणारच; विषय घरचाच होता.

जून 2001 मध्ये ‘न्यूजवीक’च्या जॉन हॉर्न यांनी या गृहस्थाची चौकशी करण्याचा आगाऊपणा केला आणि एक उमदी कारकीर्द संपली. सोनीने दोन अधिकाऱ्यांना महिनाभर बिनपगारी घरी बसवले. पुढे कळले, की ‘द पेट्रियट’च्या टीव्ही जाहिरातीत भारावून बोलणारे प्रेक्षकही कंपनीचेच नोकर होते. निर्माता, समीक्षक आणि प्रेक्षक, सगळे एकाच मस्टरवर!

चिडलेले प्रेक्षक कोर्टात गेले. तिथे सोनीच्या वकिलांनी या जाहिरातींना चक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे छत्र धरले. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाला 2004 मध्ये ते पटले नाही. 2005 मध्ये 15 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि फसलेल्या प्रेक्षकांना तिकिटामागे 5 डॉलर परत देण्याचे ठरले. वाईट परीक्षण लिहून शिव्या खाल्लेले समीक्षक गल्लोगल्ली सापडतील; चांगले परीक्षण लिहून निर्मात्याला तिकिटाचे पैसे परत करायला लावणारा हा एकटाच.

आपल्याकडचे निर्माते या बाबतीत अजून मागासलेले. समीक्षक घडवण्याची कला साधत नाही, म्हणून ते असलेल्यांचे तोंड बांधायला निघाले आहेत. केरळ उच्च न्यायालयात न्यायमित्रांनी 2024 मध्ये दिलेल्या अहवालात, पहिले 48 तास परीक्षण करू नये अशी शिफारस होती. पैसे उकळण्यासाठी सिनेमाला झोडपणारे महाभाग आहेत, ती तक्रार खोटी नाही. पण चार खंडणीखोरांसाठी सगळ्या गावाला संचारबंदी लावायची?

तमिळ निर्माते आणखी एक दिवस पुढे गेले. ‘इंडियन 2’ आणि ‘कंगुवा’ पडले, आणि खापर फुटले ते थिएटरच्या दारात माइक धरून उभ्या असलेल्या यूट्यूबरांवर. पटकथेला कोणी माइक लावला नाही. डिसेंबर 2024 मध्ये निर्मात्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली: पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणे बंद ठेवा. हिशेब सोपा आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार लोकांनी पैसे मोजायचे आणि सोमवारी डोके धरायचे. म्हणजे कॅलिफोर्नियात पगारी माणसाने रचलेली स्तुती हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, आणि चेन्नईत पदरचे पैसे घालून आलेल्या माणसाचा वैताग हा अपप्रचार. न्यायालयाने अशी बंदी घालायला नकार दिला. बोलण्याचे स्वातंत्र्य टीका करणाऱ्यालाही आहे, हे त्यामागचे कारण.

शिवाय तीन दिवस झाकून ठेवली की टीका नासते, हा समजही कच्चा. ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये 1941 साली ‘सिटिझन केन’वर एक नाराजीचे परीक्षण छापून आले होते. ते 80 वर्षांनी, 2021 मध्ये, परीक्षणांची टक्केवारी काढणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाच्या हाती लागले आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचे 100 टक्के 99 वर घसरले. काही काळ जगातल्या या थोर चित्रपटाच्या वर ‘पॅडिंग्टन 2’मधले अस्वल विराजमान होते.

तेव्हा यापुढे जाहिरातीत चार तारे आणि त्याखाली अनोळखी नाव दिसले, तर तिकीट काढण्याआधी वाचकांनी त्या वर्तमानपत्राला एक फोन करून पाहावा.