बुटीक मॉल कसा काढावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांची बायपासच्या आसपास अकरा-बारा गुंठे जागा आहे, घरचं पोट दुसऱ्या कशावर तरी चालतं आणि ज्यांची एकदा युरोपची सहल झालेली आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. तिन्ही अटी आवश्यक आहेत. जागा नसेल तर बँक दारात उभं करणार नाही. पोट यावरच असेल तर असले उद्योग सुचणार नाहीत. आणि सहल झाली नसेल तर ‘आपल्याकडे असं काही का नाही?’ हा प्रश्न पडणार नाही. बुटीक मॉलचा पाया याच प्रश्नावर घातला जातो, काँक्रीट नंतर येतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बुटीक मॉल म्हणजे लहान मॉल नव्हे. लहान मॉलला आपल्याकडे कॉम्प्लेक्स म्हणतात. त्यात तळमजल्यावर मेडिकल, पहिल्यावर शिकवणी वर्ग आणि जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या असतात. बुटीक मॉलमध्ये क्रोसीन मिळत नाही. तिथे प्रत्येक गाळ्याला एक ‘संकल्पना’ असते.

पायरी पहिली : संकल्पना

एका दुकानात फक्त मेणबत्त्या. दुसऱ्यात फक्त चहा, तोही प्यायचा नव्हे, हुंगून विकत घ्यायचा. तिसऱ्यात वह्या, ज्यांत कुणी काही लिहीत नाही कारण त्या भेट म्हणून आलेल्या असतात आणि भेट म्हणूनच पुढे जातात. चौथ्यात हाताने केलेले साबण. हे साबण करणारं जोडपं आयटीतून बाहेर पडलेलं असतं आणि साबणापेक्षा त्या बाहेर पडण्याबद्दल जास्त बोलतं. पाचव्यात कुत्र्यांचे वाढदिवसाचे केक.

नावं मराठीच ठेवावीत, शक्यतो कवितासंग्रहाला शोभतील अशी : ‘मृद्गंध’, ‘पानगळ’, ‘सांजवात’. मॉलला स्वतःला ‘वाडा’, ‘पेठ’ किंवा ‘अंगण’ म्हणावं. खरा वाडा पाडून ही इमारत उभी राहिली असेल तर ‘वाडा’ हे नाव विशेष खुलतं.

यादी करताना एकच प्रश्न टाळायचा : या वस्तू माणसाला किती वेळा लागतात? मेणबत्ती वर्षातून एकदा वाढदिवसाला लागते आणि पूर्वी वीज गेल्यावर लागायची. हा विचार डोक्यात आला की पुढची पायरी चढवत नाही.

पायरी दुसरी : वंशावळ

गुंतवणूकदारांपुढे बसताना इतिहासाची तीन पानं हवीत. सुरुवात लंडनच्या बर्लिंग्टन आर्केडपासून करावी. 1819 साली पिकॅडिलीजवळ उघडलेली ही काचेच्या छपराची गल्ली. दोन्ही बाजूंना मिळून 72 चिमुकले गाळे होते, प्रत्येक दुमजली. शिस्त राखायला गणवेशातले रखवालदार, त्यांना तिथे बीडल म्हणतात. गल्लीत शिट्टी वाजवायची नाही, पळायचं नाही, छत्री उघडायची नाही. सभागृहात इथे हसू येतं, तेवढ्यात पुढचं पान लावावं. कारण यानंतर सांगावी लागेल ती गोष्ट अशी की काळाच्या ओघात बरेच गाळे शेजारच्या गाळ्यांत विलीन झाले आणि आता तिथे चाळीसच्या आसपास दुकानं उरली आहेत. लहान दुकानांसाठी बांधलेल्या जागेतही शेवटी भिंती पडतात आणि मोठी दुकानं होतात.

दुसरं पान व्हिक्टर ग्रुएन यांचं. व्हिएन्नाचा हा वास्तुविशारद अमेरिकेत गेला आणि 1956 मध्ये मिनेसोटातल्या इडायनात ‘साउथडेल’ हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल त्याने उभा केला. व्हिएन्नातल्यासारखं पायी फिरण्याचं, गप्पा मारण्याचं ठिकाण अमेरिकन उपनगराला द्यावं, असं त्याच्या मनात होतं. लोकांनी त्यातलं बंदिस्त आणि वातानुकूलित तेवढं उचललं. उतारवयात ग्रुएन यांनी या अपत्याचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. हे सादरीकरणात घालू नये.

तिसरं पान मुंबईचं : हाजी अलीजवळचा ‘क्रॉसरोड्स’ मॉल, 1999. पहिल्या दिवसांत गर्दी इतकी लोटली की आत सोडायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा म्हणाले. गर्दी सरकत्या जिन्यासाठी होती. सरकता जिना फुकट होता.

तुळशीबागेचं पान घालू नये. तिथल्या राममंदिराचं काम नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी 1761 मध्ये सुरू केलं, ते 1795 पर्यंत चाललं. मंदिराभोवती बाजार वाढला आणि अजून वाढतोच आहे. पार्किंग नाही, वातानुकूलन नाही, बसायला जागा नाही आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हावं लागतं. आराखड्यात न बसणारं असं उदाहरण गुंतवणूकदारांचं लक्ष उगाच विचलित करतं.

पायरी तिसरी : एकाच मालाची दोन दुकानं नकोत

हा नियम सर्व सल्लागार देतात आणि करारातही घालतात. मेणबत्तीवाल्याला लिहून द्यायचं की या इमारतीत दुसरा मेणबत्तीवाला येणार नाही. त्याला फार बरं वाटतं.

आता बाहेर येऊन बघा. पुण्यात पुस्तकं घ्यायची तर अप्पा बळवंत चौक, तांब्याची भांडी हवीत तर तांबट आळी. मुंबईत विजेचं सामान लोहार चाळीत, कोल्हापुरात सोनं गुजरीत. एका मालाची पन्नास दुकानं खांद्याला खांदा लावून बसलेली, आणि तीच एकमेकांना जगवतात. गिऱ्हाईक येतं कारण इथे नाही मिळालं तर शेजारी मिळेल, याची त्याला खात्री असते. दुकानदारही आपल्याकडे नसलेला माल शेजाऱ्याकडून पोऱ्या पाठवून मागवतो आणि आपला म्हणून विकतो. बुटीक मॉलमध्ये मेणबत्ती आवडली नाही तर उरतात साबण आणि कुत्र्याचा केक.

पण नियम तो नियम. पुढे चला.

पायरी चौथी : प्रकाशयोजना

पिवळे, खालून-वरून पडणारे, खोल खोल दिवे. खिडकी नको. बाहेर किती वाजले हे कळू नये.

इथे मला मॅचिंग सेंटरबद्दल बोललंच पाहिजे, कारण छोट्या विशेष दुकानाचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. भिंतभर ब्लाउजपिसांचे गठ्ठे, प्रत्येक रंगाच्या वीस-वीस छटा, आणि त्यांच्यासमोर एक गृहस्थ. बाई साडीचा पदर काउंटरवर टाकते. तो पदराकडे एकदा बघतो, वर न पाहता मागे हात घालतो आणि तीन पिसं फेकतो. त्यातलं एक तंतोतंत असतं. बाईला ते पटत नाही. मग तो म्हणतो, “दारात जाऊन बघा.” ती पीस आणि पदर घेऊन दारात जाते, उन्हात धरते, आणि परत येऊन मुकाट्याने मीटरभर कापून घेते.

त्या दुकानाची सगळी गुंतवणूक त्या माणसाच्या डोळ्यांत आणि दारातल्या उन्हात आहे. आपल्या मॉलमध्ये पहिला परवडणार नाही आणि दुसरं आर्किटेक्टने काढून टाकलं आहे. बर्लिंग्टन आर्केडच्या छपराला काच होती, हे इथे आठवेल, पण तोवर स्लॅब पडलेला असतो.

पायरी पाचवी : भाडं

ही पायरी घाई न करता वाचावी, पेन हाती घेऊन.

गाळा 150 चौरस फुटांचा आहे असं समजा. म्हणजे आतून टेप लावली तर 150. पण भाडं यावर लागत नाही. त्यात लिफ्ट, जिना, प्रवेशद्वार, कारंजं आणि कारंज्याभोवतीची फरशी यांचा वाटा मिसळतो आणि ‘चार्जेबल एरिया’ होतो 270. रेराच्या कायद्याने विकताना कार्पेट एरियाच सांगावा लागतो, भाड्याच्या बोलण्यांत मात्र कारंजं अजून वाहतं आहे. फुटाला 150 रुपये दर धरला तर महिन्याचे झाले 40,500. वर देखभालखर्च, म्हणजे कॅम, फुटाला 25 : 6,750. एकूण 47,250. जीएसटी वेगळा. त्याची वजावट मिळते असं सीए सांगेल, म्हणून तो तूर्त सोडून देऊ.

दिवसाचे झाले 1,575 रुपये. मेणबत्ती 300 ला विकली आणि त्यातले निम्मे सुटले, तर रोज अकरा मेणबत्त्या गेल्या पाहिजेत. या फक्त भाड्याच्या. वीज, काउंटरवरच्या मुलीचा पगार आणि मालकाचा चहा बाराव्या मेणबत्तीपासून सुरू होतो. मंगळवारीही अकरा, पितृपक्षातही अकरा, धो धो पावसातही अकरा.

यावर मॉलवाल्यांनी एक कलम शोधलेलं आहे : किमान भाडं किंवा विक्रीतला हिस्सा, दोन्हींपैकी जास्त असेल ते. हे वाक्य मालकाच्या बाजूने वाचलं की फार गोड लागतं. गाळेधारकाला त्याऐवजी पहिले पंचेचाळीस दिवस बिनभाड्याचे द्यावेत, फर्निचर करायला. सुतार नव्वद दिवस घेतो.

आणि लॉक-इन घालायला विसरू नका. तीन वर्षं ठीक. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या, डिपॉझिट सहा महिन्यांचं. दहाव्या महिन्यात ‘सांजवात’ विझते, तेव्हा हे कागद कामी येतात. शटरवर मात्र ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी लावावी लागते. कोण येत आहे ते लिहू नये.

पायरी सहावी : पाट्या

सगळ्या गाळेधारकांना बारीक इंग्रजी अक्षरांतली, काळ्यावर करड्या रंगाची पाटी हवी असते, म्हणजे ती कुणाला वाचता येत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहानमोठ्या सर्व दुकानांना पाटी देवनागरी मराठीत लावावी लागते, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. तेव्हा ‘पानगळ’ ठळक दिसणारच. कायद्यामुळे का होईना, दुकान सापडतं.

पायरी सातवी : पार्किंग, स्वच्छतागृह, अग्निशमन

अग्निशमनाचा दाखला आधी घ्या. बाकी दोन्ही गोष्टी कागदावर आहेत त्याच्या दुप्पट करा. दुचाकीला वीस रुपये लावलेत तर माणूस गाडी वळवून घरी जाईल.

पायरी आठवी : मोठा गाळेधारक

सल्लागार सांगेल की तळमजल्यावर एक मोठं नाव आणा, त्याच्याकडे येणारी गर्दी वर सांडते. मोठं नाव येतं, पण भाडं निम्मं, दर्शनी भाग अख्खा आणि पार्किंगमधल्या वीस जागा राखीव मागतं. त्याला दिलेली सवलत मग वरच्या मजल्यांवर वाटली जाते, म्हणजे मेणबत्तीवाल्याच्या अकराच्या तेरा होतात. गर्दी मात्र खालीच खरेदी करते आणि खालूनच बाहेर पडते. वर येतात ते कॉलेजचे. त्यांना एक कॉफी आणि तीन तास वायफाय लागतं.

शेवटची पायरी

पायाभरणीआधी एक काम करा. कुठल्याही जुन्या पेठेत कुकर आणि मिक्सरचे सुटे भाग विकणारा एक माणूस असतो. जुनी रिंग त्याच्यापुढे धरली की तो न मोजता म्हणतो, “ही पाच लिटरची, जुन्या मॉडेलची,” आणि खिळ्यावरून योग्य ती काढून देतो. चाळीस रुपयांची वस्तू, पण तिच्यासाठी लोक दोन बस बदलून येतात. त्याच्याकडे जा. प्रवेशद्वाराशी दहा बाय दहाची जागा, दहा वर्षांचं लेखी, भाडं तो म्हणेल ते, आणि दुपारी एक ते चार शटर पाडायची मुभा, एवढं देऊ करा. शेजारी मॅचिंगवाल्याला बसवा आणि त्याच्यासमोरची भिंत पाडून ऊन आत येऊ द्या. हे दोघे हो म्हणाले तर खुशाल पाया खणा, साबणवाल्या जोडप्यालाही वर जागा द्या, त्यांचंही बरं चालेल. नाही म्हणाले तर मॉलचा नाद सोडा. प्लॉटवर हिरवळ लावून लग्नाचं लॉन काढा, निदान तिथीच्या दिवशी तरी पार्किंग भरेल.