सुदाम्याला विचारलंत का?

डिसेंबर लागला की उज्जैनच्या मराठी घरांत मुलांच्या दप्तरातून दोन कागद येतात. एक अर्धवार्षिक परीक्षेच्या गुणांचा, दुसरा वार्षिकोत्सवाचा, म्हणजे आपल्या गॅदरिंगचा. पहिला वाचून आई शाबासकी देते नाहीतर रागावते. दुसऱ्यावर पोशाखाचं भाडं लिहिलेलं असतं. तो वाचून काही घरांतल्या आया गप्प बसतात. आज त्या गप्प बसण्याबद्दल बोलायचं आहे.

पोशाखावरून बोलणं झालं, ते वेगळ्याच कारणाने. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच उज्जैन संभागातल्या शाजापूर जिल्ह्यात शिक्षणाधिकाऱ्यांनी खासगी शाळांना एक आदेश काढला. नाताळच्या कार्यक्रमात मुलांना सांताक्लॉज, ख्रिसमस ट्री असं काही करायचं असेल तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. ती न घेता केलंत आणि तक्रार आली, तर कारवाई होईल. सण साजरा करायला बंदी नव्हती. तरी वाद झाला आणि तो झाला धर्मावरून. लाल टोपी कुणाची आणि ती कुणाच्या डोक्यावर, यावर मोठी माणसं बोलली. टोपीखालच्या डोक्याला काय वाटतं, हे विचारायचं राहून गेलं.

परवानगीची कल्पना मला मान्य आहे. कुठल्याही मुलाला त्याच्या किंवा घरच्यांच्या मनाविरुद्ध नटवून उभं करू नये. पण मग नियम सगळ्यांना सारखा लावा. सांता होणाऱ्याला परवानगी हवी, तशी शिवाजी महाराज होणाऱ्याला, झाशीची राणी होणारीला आणि राधा होणारीलाही हवी. त्या कागदावर पहिली सही मुलाची घ्या, पालकांची त्याखाली. आणि त्याच कागदावर स्पष्ट लिहा की पोशाखाला घरून एक रुपयाही लागणार नाही.

हे इतर कुठल्या गावाला सांगण्याआधी उज्जैनला सांगायला हवं. इथे अंकपातला कृष्णाचे गुरू सांदीपनी यांचा आश्रम आहे. कृष्ण इथे शिकला, ६४ दिवसांत ६४ कला शिकला, हे इथलं लहान मूलही सांगतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने सीएम राइज शाळांना सांदीपनी विद्यालय हे नाव दिलं. नाव उत्तम आहे. पण हे नाव घेतलं की त्यामागची गोष्टही घ्यावी लागते.

ती गोष्ट भागवतात आहे. गुरुपत्नीने कृष्णाला आणि सुदाम्याला सरपण आणायला रानात पाठवलं. अवकाळी पाऊस आला, वाटा बुडाल्या, आणि दोघं एकमेकांचा हात धरून रात्रभर रानात भटकले. महिदपूर तालुक्यातल्या नारायणा गावी आजही ती जागा दाखवतात. एक मोठ्या घरचा, एक गरीब ब्राह्मणाचा. दोघांच्या डोक्यावर सारखीच मोळी आणि सारखाच पाऊस. आपल्या स्टेजवर मात्र कृष्ण कोण होणार, हे पुष्कळदा भाडं कोण भरणार यावर ठरतं. सुदाम्याचं काम तरी गरिबाला मिळावं, तर त्याच्या फाटक्या उपरण्यालाही भाडं असतं!

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गॅदरिंगच्या दिवशी त्याचं पोट दुखायचं. दरवर्षी दुखायचं. बाईंना ते खरं वाटे आणि आम्हालाही. ते दुखणं पोटाचं नव्हतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

म्हणून शाळांना कळकळीने सांगणं आहे. बाबांचं धोतर, आजीचं लुगडं, दादाचा पंचा यांत बसेल तेवढंच नाटक करा. पाहुण्यांची भाषणं पाच मिनिटांत आटोपा, कारण डिसेंबरच्या थंडीत नाचाच्या पातळ कपड्यांतली मुलं विंगेत कुडकुडत उभी असतात. शाळेच्या बातमीत प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी पडदा ओढणाऱ्या, सतरंज्या उचलणाऱ्या मुलांची नावं छापा. आणि पालकहो, कृष्ण झालेल्या आपल्या मुलाचा फोटो काढताना शेजारच्या सुदाम्याला चौकटीबाहेर ठेवू नका.

वर्गशिक्षकांना आणखी एक काम सांगायचं आहे. गॅदरिंगच्या दिवशीचा हजेरीपट जपून ठेवा. कोण आलं नाही, ते बघा. ३१ डिसेंबरपासून शाळांना हिवाळी सुट्टी लागते, त्याआधी त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन या. त्या रात्री वादळ ओसरल्यावर सांदीपनी आश्रमात वाट बघत बसले नव्हते. दिवस उगवताच ते दोन्ही मुलांना शोधायला स्वतः रानात गेले होते.